यादी आली की लावायची

आमची कंपनी छोटी आहे. एका जिल्ह्यापुरतं 'क' वर्गाचं आयएसपी (इंटरनेट पुरवण्याचं) लायसन्स आणि मालक मूळचे केबलवाले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ज्या खांबांवरून केबल गेली होती त्याच खांबांवरून त्यांनी फायबर ओढली आणि इंटरनेटच्या धंद्यात आले. नेटवर्क मी बघतो. म्हणजे राउटर, ओएलटी (फायबर घराघरांत वाटणारी पेटी), आम्हाला बँडविड्थ विकणाऱ्या अपस्ट्रीम कंपनीशी होणारी भांडणं आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या लाइनी. कॉम्प्लायन्सचं, म्हणजे सरकारी आदेशांच्या पूर्ततेचं, काम आधी बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला, तेव्हा त्याचा ईमेल माझ्याकडे वळवला गेला. नेमणूक म्हणायची तर एवढीच.

त्या ईमेलवर मला आलेला पहिला आदेश स्कॅन केलेला होता, किंचित तिरका. वर दूरसंचार विभागाचं नाव, खाली सही, मध्ये दोन परिच्छेद आणि जोडपत्रात पत्त्यांची यादी. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ६९अ अन्वये हे पत्ते ताबडतोब बंद करा, केल्याचं कळवा, पत्र गोपनीय समजा. का बंद करायचे, याबद्दल अवाक्षर नाही. स्कॅन असल्यामुळे पत्ते कॉपी होत नव्हते, हाताने टाइप करावे लागत होते. यूट्यूबच्या व्हिडिओला अकरा अक्षरांचा ओळखक्रमांक असतो. त्या तिरक्या पानावर इंग्रजी कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एकचा आकडा तिन्ही सारखेच दिसत होते.

मी अण्णांना विचारलं, हे नक्की काय असतं, कोण ठरवतं?

"यादी आली की लावायची," अण्णा म्हणाले. "जास्त वाचत बसायचं नाही."

मी वाचत बसलो. कलम ६९अ हे २००८ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झालं. बंदी घालण्याच्या पद्धतीचे नियमही त्याच वर्षीचे. देशाची सार्वभौमता आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि या बाबतीतल्या दखलपात्र गुन्ह्यांना चिथावणी, एवढ्याच कारणांसाठी बंदी घालता येते. कागदावरची पद्धत वाचली तर वाईट नाही. मागणी एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. त्याच्या अध्यक्षतेखाली समिती बसते. तिच्यात विधी, गृह, माहिती-प्रसारण या खात्यांचे सहसचिव दर्जाचे अधिकारी आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा प्रतिनिधी असतो. मजकूर टाकणाऱ्याला किंवा तो ठेवणाऱ्या कंपनीला नोटीस द्यायची, बाजू मांडायला किमान ४८ तास द्यायचे. तातडीचं असेल तर आधी बंद करायचं आणि ४८ तासांत समितीपुढे ठेवायचं. शिवाय दर दोन महिन्यांनी फेरआढावा घेणारी वेगळी समिती.

यातलं काहीच माझ्या टेबलापर्यंत पोचत नाही. नोटीस दिली का, समितीत कोण काय म्हणालं, आढाव्यात काही बदललं का? नियम १६ प्रमाणे मागणी, तक्रार आणि त्यावरची कारवाई हे सगळं गोपनीय. आमच्याकडे फक्त जोडपत्र येतं.

शिक्षेचं कलम मी नीट वाचलं, कारण ते आमच्यासाठीच लिहिलेलं आहे. आदेश पाळला नाही तर मध्यस्थ कंपनीच्या जबाबदार माणसाला सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. मग उलट्या बाजूचं कलम शोधलं. सांगितलं त्याहून जास्त बंद केलं, भलतीच साइट बंद केली, काढायचं पत्र आल्यावरही महिनोन्महिने काढली नाही, तर काय? तसं कलमच नाही. कमी बंद केलं तर तुरुंग, जास्त बंद केलं तर काहीच नाही. धंद्यात बसलेल्या माणसाला एवढं कळलं की तो काय करणार हे सांगायला वकील लागत नाही.

आता तांत्रिक भाग, कारण गोंधळाचं खरं मूळ तिथे आहे. आदेशात बहुतेक वेळा एक विशिष्ट पान लिहिलेलं असतं: अमुक साइटवरची तमुक पोस्ट. पण हल्ली जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे ग्राहकाचा ब्राउझर आणि साइट यांच्यातलं बोलणं कुलूपबंद असतं. वाटेत बसलेल्या आम्हाला साइटचं नाव दिसतं, तिचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) दिसतो. कुठलं पान उघडलं ते दिसत नाही. म्हणजे ज्या आदेशात एक पान लिहिलंय त्याचे आमच्यापुरते दोनच अर्थ होतात. पूर्ण साइट बंद करा, नाहीतर काहीच करू नका. मोठ्या साइटच्या बाबतीत सरकार त्या कंपनीशी थेट बोलतं आणि ते पान तिथूनच उतरतं, म्हणून यूट्यूब अख्खं बंद करायची वेळ आमच्यावर येत नाही. छोट्या साइटसाठी तेवढी तसदी कोण घेणार? ती सगळीच जाते.

बंद करायचे मार्गही साधेच आहेत. डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) खोटं उत्तर द्यायचं, म्हणजे ग्राहकाने नाव विचारलं की चुकीचा पत्ता सांगायचा. हा सगळ्यात स्वस्त मार्ग. मात्र ज्याने डीएनएस बदलून गूगलचा ८.८.८.८ टाकलाय त्याला तो लागूच होत नाही. २०१४ मध्ये तुर्कस्तानात ट्विटर बंद झालं तेव्हा लोकांनी हाच आकडा भिंतींवर रंगवला होता. दुसरा मार्ग, जोडणी सुरू होताना साइटचं नाव उघड्यावर जातं तेवढ्यात ते वाचून जोडणी तोडायची. त्यासाठी महागडी पेटी लागते आणि ती आमच्याकडे नाही. तिसरा, आयपी पत्ताच तोडायचा. हा सगळ्यात धोक्याचा, कारण एकाच आयपी पत्त्यावर हजारो साइट राहत असतात. एका भाडेकरूसाठी अख्ख्या चाळीचं पाणी तोडण्यासारखं ते होतं.

हे आमच्यासारख्या लहानांनाच होतं असं नाही. २००३ मध्ये मेघालयातल्या एका फुटीरतावादी गटाचं छोटंसं याहू ग्रुप बंद करायचा आदेश आला, कंपन्यांना एकच ग्रुप वेगळं काढता आलं नाही, आणि देशभर याहू ग्रुप्स गेलं. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर मोजक्या पत्त्यांची यादी निघाली. कित्येक कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट बंद करून टाकलं. २०१४ च्या डिसेंबरातल्या यादीत ३२ साइट होत्या आणि त्यांत गिटहब (प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती साइट), व्हिमिओ, इंटरनेट अर्काइव्ह. प्रोग्रामर मंडळींना वर्षाच्या शेवटच्या दिवशी कळलं की आपलं कामाचं कोठारच बंद आहे.

पण या प्रकारातला सगळ्यात मोठा प्रताप शेजारच्या देशातला. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा आदेश निघाला. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांचा एक तुकडा आपल्याकडे असल्याची खोटी वाट आपल्या राउटरांना सांगितली, म्हणजे त्यांच्या देशातली रहदारी तिकडे वळून संपावी. ती वाट देशाबाहेर गळली. त्यांच्या अपस्ट्रीमने न तपासता ती पुढे सांगितली, आणि सुमारे दोन तास जगातल्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेनासं झालं. बीजीपीवर (नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत) काम करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच वर्षी ऐकवतात, वाट कशी गाळू नये याचा धडा म्हणून. माझ्या डोक्यात ती वेगळ्या कारणाने राहिली: आदेश एका देशाचा, वायर सगळ्यांची.

तर पहिल्या वर्षभरात मला काम अंगवळणी पडलं. यादी यायची, मी टाइप करायचो, डीएनएसमध्ये चढवायचो, 'पूर्तता' असं पत्र पाठवायचो. मधूनच एखादा ग्राहक फोन करून शिव्या घालायचा आणि मी ठरलेलं वाक्य म्हणायचो, "सरकारी निर्देशानुसार बंद आहे, याहून जास्त सांगता येणार नाही." त्याला वाटायचं मी लपवतोय. खरं म्हणजे मलाच कारण माहीत नसायचं, आणि तेही त्याला सांगून उपयोग नसायचा.

मग एक फोन आला तो वेगळा होता.

आमच्याच लाइनीवरची एक ग्राहक, लग्नसमारंभांचे फोटो काढणारी. तिने स्वतःची साइट सुरू केली होती. गिऱ्हाइकांना अल्बम तिथून उतरवून घेता यायचे. "दादा, माझी साइट मोबाइलवर उघडते आणि तुमच्या वायफायवर उघडत नाही," ती म्हणाली. "सर्व्हर बदलला, पैसे भरले, होस्टिंगवाल्याशी भांडले. तो म्हणतो तुमच्या इंटरनेटवाल्याला विचारा."

मी आमच्या यादीत नाव टाकून पाहिलं. होतं. कलम ६९अ खालचं नव्हे, तर कोर्टाच्या आदेशातलं, आणि तेही तिने साइट सुरू करण्याच्या कितीतरी आधीचं.

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. तिने घेतलेलं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, नवीन नव्हतं. छोटं, लक्षात राहण्याजोगं नाव स्वस्तात मिळालं म्हणून तिने ते घेतलं. त्याच्या आधीच्या मालकाने त्यावर चोरीचे चित्रपट ठेवले होते. चित्रपट निर्मात्यांनी दावा लावला, कोर्टाने साइट बंद करायला सांगितलं, आमच्यासारख्या शेकडो कंपन्यांनी ती बंद केली. पुढे मालकाने डोमेनचे पैसे भरले नाहीत, नाव मोकळं झालं, बाजारात आलं. बंदी मात्र नावाला चिकटून राहिली. नावामागचा माणूस बदलला हे कोणत्याही यादीला कळत नाही.

इथे कोर्टाच्या याद्यांबद्दल थोडं सांगायला हवं. चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधी निर्माते अज्ञात चोरांविरुद्ध दावा लावतात. परदेशात अशा अज्ञात प्रतिवादीला जॉन डो म्हणतात, आपल्याकडे दिल्लीच्या कोर्टात त्याचं नाव अशोक कुमार पडलंय. (खऱ्या अशोक कुमारांनी याबद्दल अब्रूनुकसानीचा दावा अजून कसा लावला नाही कोण जाणे.) २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच आदेशानंतर कंपन्यांनी सबंध साइट बंद करून टाकल्या; शेवटी कोर्टालाच स्पष्ट करावं लागलं की आदेश विशिष्ट दुव्यांपुरता आहे, पूर्ण साइटसाठी नाही. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणखी एक सोय करून दिली: बंद केलेल्या साइटची नवी नावं निघाली तर नवा दावा न लावता ती जुन्याच आदेशात जोडता येतात. निर्मात्यांच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच आहे, चोर रोज नाव बदलतो. पण त्यामुळे यादीला दोन दारं झाली आणि दोन्ही आत उघडणारी.

तरीही तिच्या बाबतीत एक गोष्ट चांगली होती. कोर्टाचा आदेश गोपनीय नसतो. खटल्याचा क्रमांक, वादीचं नाव, वकिलाचा पत्ता, सगळं मी तिला देऊ शकत होतो, आणि दिलं.

"मग तुम्हीच काढून टाका ना," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतंय की ही माझी साइट आहे."

दिसत तर होतंच. मी अण्णांकडे गेलो. त्यांनी तिची साइट स्वतःच्या मोबाइलवर उघडून दोन अल्बम पाहिले, फोटोंचं कौतुक केलं आणि म्हणाले, "आपण काढली आणि उद्या कुणी विचारलं, तर कागद कुठला दाखवणार?" कागद नव्हता. तेव्हा कागद आणायचं ठरलं.

तिने वादीच्या वकिलांना ईमेल केला. पहिल्याला उत्तरच नाही. दुसऱ्याला उत्तर आलं, डोमेन तुमचं असल्याचा पुरावा द्या. तिने खरेदीची पावती दिली. त्यांनी मालकी कधी बदलली ते दाखवा म्हटलं. डोमेनच्या मालकीचा जुना इतिहास काढून देणाऱ्या सेवा असतात, त्यांतल्या एकीतून तो काढायला मी मदत केली. वकील सज्जन निघाले म्हणायला हवं; त्यांना या साइटशी काही देणंघेणंच उरलं नव्हतं, तो चित्रपट कधीच जुना झाला होता. बंदी उठवायला हरकत नाही असं पत्र त्यांनी दिलं. ते पत्र कुठे पाठवायचं यावर आणखी वेळ गेला. बंद करण्याचं पत्र ज्या कार्यालयातून येतं तिथल्याच पत्त्यावर ते गेलं, आणि बऱ्याच वेळा आठवण करून दिल्यावर तिथून सगळ्या कंपन्यांना एका ओळीचं पत्र निघालं: खालील नाव मोकळं करा.

मी त्याच तासाला ते काढलं. साइट उघडली नाही.

डीएनएस बरोबर उत्तर देत होता, आमच्या राउटरवर काही अडत नव्हतं, तरी जोडणी अर्ध्यात तुटत होती. ट्रेस घेतला तेव्हा लक्षात आलं की तुटतंय ते आमच्या हद्दीच्या पलीकडे. आम्ही ज्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेतो तिची स्वतःची गाळणी आहे, ती नाव वाचणारी महागडी पेटी, आणि आमची सगळी रहदारी तिच्यातून जाते. म्हणजे आमच्या ग्राहकाला आमची यादी लागू आणि वर त्यांचीही. तिकीट टाकलं. उत्तर आलं, आमच्याकडे असं पत्र आलेलं नाही. पत्राची प्रत पाठवली. मग उत्तर आलं, विषय संबंधित टीमकडे सोपवला आहे. ही संबंधित टीम म्हणजे काय चीज आहे हे अपस्ट्रीमशी व्यवहार करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

शेवटी साइट उघडली, आमच्याकडे. तोवर लग्नसराई उलटून गेली होती. दुसऱ्या शहरातल्या तिच्या एका गिऱ्हाइकाकडे, दुसऱ्या कंपनीच्या लाइनीवर, ती तेव्हाही उघडत नव्हती. त्याने त्याच्या कंपनीला फोन करावा, मग त्यांनी पत्र शोधावं... ती कंटाळली. नवं डोमेन घेतलं, कार्डं पुन्हा छापली.

हे सगळं चालू असताना मी आमची पूर्ण यादी तपासायला घेतली. त्यातली कितीतरी नावं मेलेली होती, कुणाच्याच मालकीची नव्हती. काही नावांवर आता भलतंच काहीतरी होतं. मला आजवर आलेल्या पत्रांत 'काढा' म्हणणारी पत्रं बोटावर मोजण्याइतकी, 'लावा' म्हणणाऱ्यांचा गठ्ठा. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे कलम ६९अ खाली २०१९ मध्ये ३,६३५ पत्ते बंद झाले आणि २०२० मध्ये ९,८४९. त्यातले पुढे मोकळे किती झाले, हा आकडा मी अजून पाहिलेला नाही. मेलेल्या नावांची यादी करून मी वर पाठवली, ही काढली तर चालतील का असं विचारलं. उत्तर नाही. अण्णा म्हणाले, "उत्तर नाही म्हणजे नाही." नावं आहेत तिथेच आहेत.

खर्चाचं म्हणाल तर हे टाइप करणं, चढवणं, तपासणं, ग्राहकाच्या शिव्या खाणं, सगळं आमच्या खिशातून. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बनावट ब्रँडच्या साइट बंद करण्याच्या खटल्यात ठरवलं की बंदी अमलात आणायचा खर्च मागणी करणाऱ्या ब्रँडमालकाने द्यायचा, इंटरनेट कंपनीने नाही. अण्णांना मी कायद्यातलं जे जे सांगितलं त्यातली ही एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडली.

कोर्टाचा आदेश निदान वाचता येतो. कलम ६९अ चा येत नाही. एकदा एका ग्राहकाने माहिती अधिकारात अर्ज टाकला, अमुक साइट का बंद आहे? माहिती गोपनीय आहे असं उत्तर आलं आणि ते घेऊन तो आमच्या ऑफिसात आला. मी त्याला तनुल ठाकूर यांच्या खटल्याबद्दल सांगितलं. हुंड्याची खिल्ली उडवणारी 'डाउरी कॅल्क्युलेटर' ही त्यांची साइट २०१८ मध्ये बंद झाली. उपहास आहे हे न ओळखता. ते कोर्टात गेले. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आदेशाची प्रत त्यांना द्या आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्या असं सांगितलं. सुनावणी हा त्यांचा हक्क नियमातच होता, तो मिळायला चार वर्षं आणि उच्च न्यायालय लागलं. माझ्या ग्राहकाने हिशेब केला. साइट त्याची नव्हती, तो नुसता वाचक होता. तो व्हीपीएन (बंदीला वळसा घालून नेणारी सेवा) घेऊन मोकळा झाला.

बंदीइतकंच दुसरं काम म्हणजे लॉग, कोणता पत्ता कधी कुणाकडे होता याच्या नोंदी. पोलिसांचं पत्र येतं: अमुक वेळी अमुक आयपी पत्ता कोणाकडे होता ते कळवा. फसवणुकीची, बँकेतल्या चोरीची पत्रं आली की मी जेवण सोडून उत्तर देतो. लायसन्सच्या अटीप्रमाणे हे लॉग डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षं ठेवावे लागतात, पूर्वी एक वर्ष होतं. अडचण अशी की आमच्याकडे सार्वजनिक आयपी पत्ते कमी, त्यामुळे एका पत्त्यामागे अनेक घरं असतात. नुसत्या पत्त्याने माणूस सापडत नाही; पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यामागच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. पत्रात पोर्ट नसतोच. तेव्हा प्रामाणिक उत्तर द्यायचं तर चाळीस घरांची नावं द्यावी लागतील, आणि त्यांतल्या एकोणचाळीस घरांनी काहीच केलेलं नसेल.

एका पोलीस ठाण्याचं पत्र मला चांगलं आठवतं. कुणीतरी स्थानिक पुढाऱ्याबद्दल फेसबुकवर काहीतरी खवचट लिहिलं होतं. पत्रात त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लिहिलेलं. ते कलम म्हणजे 'त्रासदायक' मजकुराबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली तेव्हा या कलमाचं नाव घरोघरी पोचलं. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण रद्द केलं. (त्याच निकालात ६९अ मात्र टिकलं, आदेश लेखी कारणांसह असतो आणि कोर्टात आव्हान देता येतं म्हणून. ती लेखी कारणं मी जोडपत्रात अजून शोधतोय.) माझ्यापुढचं पत्र या निकालानंतर काही वर्षांनी आलेलं होतं. असं एकट्या माझ्याकडेच झालं नव्हतं: जुलै २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने रद्द कलमाखाली अजून गुन्हे नोंदवले जातात याबद्दल धक्का व्यक्त केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तसे खटले चालवू नका असं पुन्हा सांगितलं.

मी अदबीने उत्तर लिहिलं. पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ कळवावी, तसंच नमूद कलम रद्द झालं असल्यास योग्य कलम कळवावं ही विनंती. अण्णांनी सही करायच्या आधी ते तीनदा वाचलं.

"यात आपण पोलिसांना शिकवतोय असं वाटत नाही ना?"

"विनंती लिहिलंय, अण्णा."

"हं. 'नम्र' घाल आधी."

नम्र विनंती गेली. काही दिवसांनी तेच पत्र परत आलं, ६६अ वर पेनाने रेघ आणि शेजारी भारतीय दंडविधानाचं एक कलम लिहिलेलं. पोर्ट क्रमांक तरीही नव्हता. पोर्टशिवाय ग्राहक ओळखता येत नाही असं कळवलं. पुढे काही आलं नाही.

आणि एकदा सगळंच बंद करायची वेळ आली. गावात तणाव होता. रात्री एका अधिकाऱ्याचा फोन, इंटरनेट बंद करा, पत्र मागून येतंय. मला वाटलं अण्णा लगेच हो म्हणतील. ते म्हणाले, "पत्र आलं की बंद करतो साहेब, पाच मिनिटं लागतात." तेव्हाच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे (२०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे आले) राज्यात असा आदेश गृहसचिवांचा लागायचा, अगदीच अडचण असेल तर अधिकार दिलेल्या सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याचा. हे मी अण्णांना कधीतरी सांगितलं होतं, पण त्यांना नियमापेक्षा महिनाअखेरची बिलं दिसत होती: पैसे कापून मागणाऱ्याला दाखवायला कागद हवा. पत्र व्हॉट्सॲपवर आलं. त्यावर सही योग्य माणसाची होती. बंद केलं.

सकाळी ऑफिससमोर गर्दी. कुणाचं एटीएम, कुणाची परीक्षेची फी, एका दवाखान्याचा रिपोर्ट अडकलेला. अनुराधा भसीन खटल्यात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला ते कोर्टात नेता येतील. मी त्या पत्राची प्रिंट काढून ऑफिसच्या दारावर चिकटवली. लोकांनी फोटो काढले, आदेश कोणाचा, किती वाजेपर्यंत, हे वाचलं, आणि आमच्याशी भांडणं जवळजवळ थांबली. ती प्रिंट काढायला कुणी सांगितलं नाही.

त्यावरून बंदीच्या पानाची कल्पना सुचली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात सरसकट साइट बंद करायला नकार दिला होता, प्रत्येक दुव्याची पडताळणी मागितली होती, आणि बंद पानावर ग्राहकाला नुसतं 'एरर' न दिसता खटल्याची माहिती दिसावी असं म्हटलं होतं. आता आमच्याकडे कोर्टाच्या आदेशाने बंद असलेली साइट उघडायला गेलं की खटल्याचा क्रमांक आणि कोर्टाचं नाव येतं. म्हणजे यावं अशी व्यवस्था आहे. एचटीटीपीएसवर ब्राउझर आधी प्रमाणपत्राचा लाल इशारा दाखवतो आणि बहुतेक लोक तिथूनच मागे फिरतात, त्यामुळे खरा उपयोग फोनवरच होतो: विचारणाऱ्याला मी क्रमांक वाचून दाखवतो. ६९अ वाल्यांसाठी तेच जुनं वाक्य.

यादी पाठवणारे हातही वाढलेत. गृह मंत्रालयाचं 'सहयोग' पोर्टल ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. त्यावरून त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९(३)(ब) खाली वेगवेगळ्या यंत्रणा मजकूर काढायच्या नोटिसा पाठवतात. तिथे ६९अ सारखी समितीही नाही. एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीने त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं गेलं. मी अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ती पत्रं तरी कॉपी होतात का, की तीही स्कॅनच?"

फोटोवालीचं नवं डोमेन व्यवस्थित चाललंय. ते घ्यायच्या आधी तिने मला फोन केला होता: दादा, हे नाव तुमच्या यादीत आहे का बघा. तिने ही युक्ती आणखी चारजणांना सांगितली, आणि आता नवी साइट काढणारे ओळखीचे लोक पैसे भरण्याआधी मला नाव पाठवतात. विचारलेलं नाव कोर्टाच्या यादीत निघालं तर सांगायला हरकत नाही. गोपनीय यादीत निघालं तर 'दुसरं नाव घ्या' एवढं म्हणणंसुद्धा गोपनीयतेचा भंग ठरेल का, हे मी एका वकिलाला विचारलंय. त्यांनी पुढच्या आठवड्यात सांगतो म्हटलंय.